अंगणवाडीत खिचडी मिळते हे माहितीये, पण तिथं शिकवतात काय?

मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. माझ्या मामेभावाची बायको, सिन्नरकडे असतात ते लोक. त्यांची पोरगी जूनमध्ये तीन पूर्ण करतेय. "ताई, गावातल्या अंगणवाडीत टाकू का तालुक्याच्या नर्सरीत? नर्सरीची व्हॅन दारात येते, युनिफॉर्म आहे, वह्या देतात, रोज होमवर्क असतो. अंगणवाडीत काय, खेळतात, खिचडी खातात आणि घरी येतात. वही पण देत नाहीत."

माझी आत्या २९ वर्षं अंगणवाडी सेविका होती, अख्खं गाव तिला बाई म्हणायचं, अजूनही म्हणतं. त्यामुळे ह्या विषयावर मला कोणी छेडलं की मी लवकर थांबत नाही, वहिनीशी पण तासभर बोलत बसले आणि तरी निम्मं राहिलंच. तर ते इथं लिहितेय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून पाच-सहा जणी विचारतात.

आधी अंगणवाडी म्हणजे काय ते बघू, कारण शेजारीच असून आपल्याला ते नीट माहीत नसतं. ही केंद्राची योजना, नाव एकात्मिक बालविकास सेवा योजना, सगळे आयसीडीएस म्हणतात. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी प्रयोग म्हणून सुरू झाली आणि मग पसरत गेली. हिशोब असा की साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी, आदिवासी भागात ३०० लोकवस्तीलाही मिळते, त्याहून छोटी वाडी-पाडा असेल तर मिनी अंगणवाडी. आणि कामं एकूण सहा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी बाळाला पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती देणं, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण. म्हणजे गरोदर बाईपासून सहा वर्षांच्या पोरापर्यंत सगळे हिच्या रजिस्टरमध्ये. लसीकरण-तपासणीला नर्सबाई आणि आशाताई असतात, पण पोरं गोळा करून आणायची, आया घाबरल्या तर त्यांना समजवायचं, हे सेविकेकडेच.

आता खिचडीबद्दल. लोक जरा हसून बोलतात ना, "खिचडीची शाळा" वगैरे, मला राग येतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तेव्हा सांगितलं की तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम शिजवलेलं जेवण मिळून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन मिळालं पाहिजे. कुपोषित मुलासाठी हाच आकडा ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रोटीन होता, २०२३ मध्ये हे आकडे बदलले. म्हणजे ते पोराच्या हक्काचं जेवण आहे, कोणी उपकार करत नाही. तीन वर्षांखालच्यांना घरपोच आहार मिळतो, टीएचआर, म्हणजे टेक होम रेशन, म्हणतात त्याला. आणि दर महिन्याला वजन-उंची, शिवाय दंडाचा घेर मोजायची ती रंगीत पट्टी असते, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला तर पट्टी लाल दाखवते. म्हणजे बाळ सॅममध्ये, अतितीव्र कुपोषित. आत्या सांगायची की ही पट्टी गुंडाळताना आयांचे चेहरे बघवत नाहीत, दहावीच्या रिझल्टला कोणी एवढं घाबरत नसेल. पोट रिकामं असलेलं पोरगं काही शिकत नाही, त्यामुळे आहार आधी हे बरोबरच आहे, पण झालं काय की वरच्या ऑफिसपासून गावच्या सरपंचापर्यंत सगळे फक्त आहारच मोजायला लागले आणि सहावं काम, शिक्षणाचं, ते मोजायचं कसं हेच कुणाला कळेना, मग ते मागे पडलं.

आणि गंमत म्हणजे अंगणवाडी हा शब्दच मुळात शिक्षणातून आलाय.

ताराबाई मोडक. १८९२ चा जन्म. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. तिथं सगळं मध्यमवर्गीय मुलांसाठी, माँटेसरी पद्धतीची साधनं, छान लाकडी, महाग. मग त्यांना वाटायला लागलं की हे खेड्यात कसं न्यायचं, गरिबाच्या पोरानं काय करायचं. म्हणून १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, आजच्या पालघर जिल्ह्यात. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, हट्टानं शिकलेल्या, आणि मग १९९२ मध्ये जाईपर्यंत त्यांनी ते काम सोडलं नाही.

तर बोर्डीत बालवाडी उघडली आणि वस्तीतली मुलं येईनातच. आई-बाप सकाळीच मजुरीला, पोरं धुळीत, आंघोळ नाही, कपडे नाहीत, कोण आणून सोडणार? आपण असतो तर काय म्हटलं असतं, "ह्या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही" असं म्हणून मोकळे झालो असतो. ताराबाईंनी उलटं केलं, मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. सरकारी योजना त्यानंतर तीस वर्षांनी आली. मग लक्षात आलं की जरा मोठी पोरं गुरं चारायला जातात, तर शाळा कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणायचे. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथं विकासवाडी म्हणून प्रयोग केला, त्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. का? तर सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. भावाला पाळणाघरात ठेव आणि तू वर्गात बस. इतकं साधं. हे विकासवाडीचं लक्षात ठेवा, मी परत येणारे त्यावर.

साधनांचंही तेच. इंपोर्टेड ठोकळे नाहीत ना, मग चिंचोके घ्या, गारगोट्या घ्या, शंख-शिंपले घ्या (समुद्र शेजारीच), पानं घ्या.

चिंचोक्यांवरून आठवलं. वहिनी म्हणाली नर्सरीतली मुलं शंभरपर्यंत म्हणून दाखवतात. मी म्हटलं एक काम कर, घरी चार-पाच वर्षांचं कुठलंही पोरगं आलं की त्याच्यासमोर सहा चिंचोके एका ओळीत लाव, खाली अजून सहाची ओळ, एकाखाली एक. विचार दोन्हीकडे सारखे आहेत का. हो म्हणेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत खालची ओळ फक्त लांब लांब पसरव, एकही चिंचोका वाढवू नको, आणि विचार आता कुठं जास्त. बहुतेक मुलं बेधडक सांगतात खालच्या ओळीत जास्त! हा प्रयोग जाँ पियाजे ह्या स्विस मानसशास्त्रज्ञानं गेल्या शतकात केला होता आणि कुठल्याही घरात करून बघता येतो. म्हणजे पोराला शंभरपर्यंत पाठ आहे पण सहा म्हणजे सहाच, पसरवले तरी सहाच, हे त्याच्या डोक्यात अजून बसलेलं नाही. शंभरपर्यंतचं पाठांतर हे त्याच्यासाठी गाण्यासारखं आहे, छान आहे, पण ती गणना नव्हे. गणना कशानं येते? एक वाटी एका पोराला, एक वाटी दुसऱ्या पोराला, अरे एक वाटी कमी पडली, कोण राहिलं. खिचडी वाढताना ज्या पोराला वाट्या मांडायला लावतात ना, त्याचा गणिताचा तास चाललेला असतो. आणि हे कुठल्याच वहीत दिसत नाही.

लिहिण्याचं तसंच. मनगटात आठ छोटी छोटी हाडं असतात, जन्मताना ती हाडं नसतातच, कूर्चा असते, मऊ. मग वर्षानुवर्षं एकेक करून ती टणक होत जातात, शेवटचं तर साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. बोटांच्या बारीक स्नायूंवर ताबा यायलाही वेळ लागतो. तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन चार रेघांत अ काढायला लावलं तर ते मूठ आवळून, दात-ओठ खात, सगळ्या खांद्यातून जोर लावून काढतं, आणि आपण म्हणतो बघा किती छान गिरवतोय. आत्याकडे मदतनीस मावशी होत्या, त्या मटारच्या दिवसात पाच-सहा पोरांना घेऊन मटार सोलायला बसायच्या. अंगठा आणि बोट, शेंग दाबायची, फट् आवाज, दाणे एकेक काढून वाटीत. एकदा पर्यवेक्षिका अचानक व्हिजिटला आल्या आणि म्हणाल्या बाई, मुलांकडून कामं करून घेता? आत्या म्हणाली मॅडम, लेखनपूर्व तयारी चालू आहे. त्या हसल्या आणि स्वतः खाली बसून सोलायला लागल्या. हे ती दर दिवाळीला सांगते, आम्हाला पाठ झालंय, पण मुद्दा खरा आहे. चिमटीत पकडणं, पिळणं, ओतणं, फाडणं, माती मळणं, ह्यातनंच पेन्सिल धरणारा हात तयार होतो.

मग भाषा. आणि मला विचाराल तर तीन ते सहामधली सगळ्यात मोठी कमाई हीच. मूल अक्षरं वाचायला लागण्याआधी त्याच्याकडे शब्द पाहिजेत, नाहीतर वाचून करणार काय, क-म-ळ जोडून कमळ वाचलं पण कमळ कधी ऐकलंच नाही. शब्द येतात ते बोलण्यातनं आणि टीव्हीच्या बोलण्यातनं नाही, समोरच्या माणसाच्या बोलण्यातनं. पोरगं काहीतरी म्हणतं, आपण उत्तर देतो, ते परत काहीतरी म्हणतं, चेंडू टाकाटाकी चालते तशी. चांगली सेविका गोष्ट सांगताना मधेच थांबते, "मग कोल्हा काय म्हणाला असेल?" आणि खरंच थांबते, उत्तर येईपर्यंत. हे थांबणं फार अवघड असतं, मी करून बघितलंय, आपल्याला घाईच असते पुढचं वाक्य सांगायची. आणि घरात पोरगं जे बोलतं ती भाषा, वारली असेल, कोरकू असेल, अहिराणी असेल, त्यात बोललेलं चाललं पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी त्याला कळतं की आपली भाषा इथली नाही, आणि मग ते गप्प बसतं ते तिसरीपर्यंत.

मेंदूचं पण सांगते कारण हल्ली प्रत्येक नर्सरीच्या बोर्डावर मेंदूचं चित्र असतंय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय की मेंदूचा ८५ टक्क्यांहून जास्त विकास सहा वर्षांच्या आत होतो. ह्या एका आकड्यावर लोकांनी धंदे उभे केलेत. त्याचा अर्थ असा नाही की सहाव्या वाढदिवसाला दरवाजा बंद. अर्थ असा की ह्या काळात मेंदू झपाट्यानं वाढतो, वेगानं जोडण्या होतात आणि ज्या वापरात नाहीत त्या छाटल्या जातात, त्यामुळे ह्या वयात भूक, सततची भीती आणि कुणी न बोलणं ह्याचं नुकसान जास्त होतं. उपाय पण त्यातच आला, जेवण, सुरक्षितता आणि बोलणारी माणसं. फ्लॅशकार्डचा ह्यात कुठं संबंध आला मला माहीत नाही.

"पण ह्यानं पुढे खरंच काही फरक पडतो का?" हा वहिनीचा प्रश्न चांगला होता. अमेरिकेत मिशिगन राज्यात यिप्सिलांटी गाव आहे, तिथं १९६२ ते १९६७ मध्ये गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांवर एक प्रयोग झाला, पेरी प्रीस्कूल म्हणून तो प्रसिद्ध आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, ५८ मुलांना बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. रोज अडीच तास वर्ग आणि दर आठवड्याला शिक्षिका घरी जाऊन आई आणि मूल दोघांबरोबर बसायची. सुरुवातीला बालवाडीवाल्यांचा आयक्यू वाढला, सगळे खूश. मग काही वर्षांत तो फरक पुसलाच गेला, टीकाकार म्हणाले बघा, पैसे वाया. पण संशोधकांनी ह्या मुलांचा माग सोडला नाही, पार चाळिशीपर्यंत आणि पुढेही. तर चाळिशीत दिसलं की बालवाडीतली मुलं जास्त प्रमाणात शाळा पूर्ण केलेली, जास्त कमावणारी, अटक होण्याचं प्रमाण कमी. म्हणजे हुशारीचे मार्क गेले आणि तरी आयुष्य वेगळं झालं. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन ह्यांनी ह्यावर बरंच काम केलंय, त्यांचं म्हणणं साधारण असं की तिथं मुलं धीर धरायला, ठरवलेलं पूर्ण करायला, दुसऱ्याबरोबर जमवून घ्यायला शिकली, ते टिकलं. अर्थात मुलं थोडी होती, गाव एक होतं, आणि शिक्षिका चांगल्या पगाराच्या, ट्रेन्ड, पाच-सहा मुलांमागे एक. ते आपल्याकडे जसंच्या तसं चिकटवता येत नाही.

कारण आपल्याकडे एका सेविकेमागे तीस मुलं, आणि ती मुलांसमोर असते तरी किती वेळ? रजिस्टरं, पोषण ट्रॅकर (मुलांच्या आहार-वजनाची नोंद भरायचं सरकारी ॲप), सर्व्हे, पोलिओचा रविवार, मतदार यादीचं काम आलं तर ते. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते, फोन हँग व्हायचे आणि ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरायची, तेव्हा पेपरात फोटो आले होते, काहींना ते आंदोलन वगैरे नाटक वाटलं. आणि एवढं करून हातात पगार नाही, मानधन. शब्दातच सगळं आलं, त्या कर्मचारी धरल्या जात नाहीत. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. डिसेंबर २०२३ मध्ये इथं मोठा संप झाला तो मानधन आणि ग्रॅच्युइटीवरनंच. तर अंगणवाडीत शिकवत नाहीत अशी तक्रार करायच्या आधी एवढं बघा की तिला शिकवायला वेळ कुणी ठेवलाय.

कायद्याचा पण एक घोळ आहे, पटकन सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो सहा ते चौदा वर्षांसाठी. सहाच्या खालच्यांसाठी घटनेत कलम ४५ आहे, २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनंतरचं, त्यात राज्यानं प्रयत्न करावा असं म्हटलंय. प्रयत्न! त्यामुळे तीन ते सहा हा पट्टा ना धड शिक्षण खात्याचा, अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, शाळा शिक्षण खात्याकडे, पोरगं सहाचं झालं की एका खात्याच्या रजिस्टरमधून दुसऱ्याच्या. आणि मधल्या मोकळ्या जागेत कुणीही दोन खोल्या भाड्यानं घेऊन, भिंतीवर मिकी माऊस काढून नर्सरी उघडतो. नवीन धोरणानं निदान कागदावर जोडलंय, ५+३+३+४ म्हणतात त्यातले पहिले ५ म्हणजे तीन वर्षं अंगणवाडी किंवा बालवाटिका आणि मग पहिली-दुसरी, हे सगळं एकच टप्पा, तीन ते आठ वर्षं, आणि त्यात खेळातून शिकणंच सांगितलंय. पहिलीला सहा पूर्ण. तुमची नर्सरी तीन वर्षांच्या पोराला रोज दोन पानं होमवर्क देत असेल तर ती धोरणाच्याही विरुद्ध चाललीये, फी भरताना विचारून बघा.

मी नर्सरीवाल्यांच्या सरसकट विरोधात नाही बरं का, काही फार छान असतात. आणि सगळ्या अंगणवाड्या आत्यासारख्या नसतात हेही मला माहितीये. शिवाय कितीतरी घरं दोन्ही करतात, नाव अंगणवाडीत म्हणजे आहार मिळतो, आणि पोरगं नर्सरीत. म्हणून वहिनीला म्हटलं बोर्ड बघू नको, फी बघू नको, सकाळी अकराच्या सुमाराला न सांगता जा आणि अर्धा तास कोपऱ्यात बस. मुलांचे हात कशात आहेत, मातीत, ठोकळ्यात, का मांडीवर घडी घालून. मुलं बोलतायत का फक्त एका सुरात उत्तरं देतायत. एखादं रडलं तर कोण जातंय त्याच्याकडे. ती गेली दोन्हीकडे. अंगणवाडीत पहिल्या दिवशी बाई मोबाईलमध्ये माहिती भरत होत्या आणि पोरं भिंतीला टेकून बसलेली, वहिनीनं मला लगेच फोन केला, "बघितलं ना!" दुसऱ्यांदा गेली तेव्हा पाण्याची बादली मधोमध आणि पोरं करवंट्यांनी बाटल्या भरतायत, सगळं ओलं, बाई विचारतायत किती करवंट्या लागल्या. नर्सरीत तीस मुलं बाकावर आणि हाताची घडी तोंडावर बोट. तिनं सध्या अंगणवाडीत घातलीये. भाऊ अजून नाराज आहे, त्याला वही पाहिजे.

गावानं काय करायचं ह्याचं पण थोडं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ग्रामसभेत उठून विचारायचं की ते कुठं गेले, बऱ्याचदा शिलाई मशीनवर जातात, त्यातनं अंगणवाडीला मातीची खेळणी, चटया, चित्रांची पुस्तकं, नळाची तोटी येऊ शकते. आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत पण अंगणवाडीच नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत द्यायला लागते, सुप्रीम कोर्टाचा १३ डिसेंबर २००६ चा निकाल आहे. हे आपल्या वीटभट्टीवाल्या, ऊसतोडवाल्या वस्त्यांना कोणी सांगत नाही.

आता सहाच्या पुढचं. कारण पोरगं शाळेत गेलं म्हणजे संपलं असं नसतं, शाळा सुटते आणि आई-बाप कामावरनं येतात ह्या मधले तास कुणाचे? शहरात क्लास भरतात तिथं. वस्त्यांमध्ये संस्थांनी हे ओळखून कामं केली, मुंबईत १९८८ मध्ये डोअर स्टेप स्कूल सुरू झाली ती मुलांच्या दारापर्यंत शाळा न्यायची म्हणून, १९९५ मध्ये 'प्रथम' ह्या संस्थेनं झोपडपट्टीत बालवाड्या काढल्या, कुणाच्या घरात, देवळात, जागा मिळेल तिथं. त्याच्या कितीतरी आधी, १९४१ पासून, राष्ट्र सेवा दलाच्या शाखा होत्या, संध्याकाळी मैदानावर खेळ आणि गाणी, आमच्या आजोबांची पिढी अजून तीच गाणी म्हणायची. नवीन धोरणातही सहावी ते आठवीच्या दरम्यान १० दिवस दप्तराविना, सुतार-कुंभार-माळी अशांकडे जाऊन शिकायचे सांगितलेत. उन्हाळी शिबिर म्हणजे हेच खरं तर, पण हल्ली शिबिराच्या शेवटी गॅदरिंग लागतं, पालकांना व्हिडिओ लागतो, मग आठ दिवसातले पाच दिवस नाचाची प्रॅक्टिस.

मी स्वतः गावच्या वाचनालयात शनिवारी दुपारी मुलांचा गट चालवते, तीन वर्षं झाली. सुरुवातीला मी फारच हुशारी केली होती, टाइमटेबल चिकटवलं, चार ते साडेचार वाचन, मग हस्तकला, मग सामान्य ज्ञान. पहिल्या शनिवारी १९ मुलं. तिसऱ्या शनिवारी चार, त्यातला एक माझा भाचा, त्याला पर्याय नव्हता. एका मुलानं सरळ सांगितलं, "ताई, हे शाळेसारखंच आहे की." मग टाइमटेबल काढलं. आधी लगोरी, दम लागला की आत येऊन पाणी, मग ज्याला जे करायचं ते. एकदा भेळ केली त्याचा हिशोब लावताना भागाकार निघाला. एकदा कुणीतरी विचारलं गावात विहिरी किती, कुणालाच माहीत नाही, मग दोन महिने मुलं फिरली, म्हाताऱ्यांना विचारलं, नकाशा काढला. २३ निघाल्या, त्यातल्या नऊ बुजलेल्या. आठवीतल्या ज्या पोराला निबंधाच्या चार ओळी लिहिता येत नाहीत असं शाळेत म्हणायचे त्यानं बुजलेल्या एका विहिरीवर दीड पान लिहिलं. कारण त्याच्याकडे सांगायला काहीतरी होतं.

पण मुली. बारा-तेराच्या झाल्या की गळायच्या. एकेक करत, न सांगता. घरी गेले तर उत्तरं ठरलेली, पाणी येतं त्या वेळेला, आता मोठी झाली, आणि सगळ्यात जास्त वेळा, धाकट्याला कोण बघणार. हे तिसरं ऐकलं आणि मला कोसबाड आठवलं, कडेवरचा भाऊ आणि वर्गाबाहेर राहिलेली बहीण. सत्तर वर्षं होत आली त्याला. मी म्हटलं धाकट्याला घेऊन ये.

पुढच्या शनिवारी तीन मुली आल्या आणि पाच धाकटी. वाचनालयाचे काका कपाळाला हात लावून बसले, एकानं मासिकाचं पान फाडलं, एकानं कोपऱ्यात शू केली, ती पुसायची कुणी ह्यावरनं वाद. मग त्यातली एक मुलगी, चौदा वर्षांची, शाळेत मोठ्यानं वाचायला सांगितलं की मान खाली घालणारी, तिनं एक चित्रांचं पुस्तक काढलं आणि पोरांना भोवती बसवून वाचायला लागली. अडखळत वाचत होती पण ऐकणारे तीन वर्षांचे, त्यांना काय कळतंय. वाघाच्या पानावर तिनं आवाज काढला. सगळी गप्प. मग तिचाच भाऊ म्हणाला परत. तिनं परत काढला. परत. त्या दिवशी वाघाचं पान अकरा वेळा झालं, मी मोजलं, आणि पुढच्या पानावर काही आम्ही गेलोच नाही.